शब्द मोजले म्हणजे म्हणणं कळलं का?

राजारामपुरी (कोल्हापूर) : राजारामपुरीत पत्ता शोधणं सोपं. पहिली गल्ली, दुसरी गल्ली असं नंबरानं गेलं की माणूस चुकत नाही. पण आतल्या घरात काय चाललंय ते नंबर सांगत नाही. त्यासाठी कडी वाजवावी लागते.

लोकांच्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्यांचंही असंच आहे. महापूर, दुष्काळ, बायकांचं काम अशा विषयांवर कुणी गावात येऊन तासभर बोलणं रेकॉर्ड करतं. पुढं ते कॉम्प्युटरमध्ये जातं. कॉम्प्युटर झटक्यात चित्र काढतो. जास्त वेळा आलेला शब्द मोठा, कमी आलेला बारीक. दिसायला झकास, पण तेवढ्यावर अर्थ लावला की घोटाळा.

जात्यावरच्या ओव्यांचंच बघा. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ यांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्या कॉम्प्युटरवर आणायला हातभार लावला. 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि ऐकायलाही मिळतात.

आता यातले शब्द नुसते मोजले तर? भाऊ कुठं बंधू होतो, कुठं दादा. माणूस एकच, मशीन तीन धरणार. ‘सीता’ दिसली की ओवी देवाधर्माच्या खणात टाकणार. पण सीतेचा वनवास गाताना बाई पुष्कळदा स्वतःचाच सासुरवास सांगत असते. ते ओळखायला जात्याजवळ बसून ऐकलेलं माणूसच लागतं. म्हणून ओव्यांची विषयवार विभागणी हेमाताईंनी केली. साठवणं आणि शोधून देणं, हे कॉम्प्युटरचं काम.

चित्र काढणारं साधन बनवतानाही हेच ध्यानात ठेवायला पाहिजे. चित्रातल्या शब्दावर बोट ठेवलं की मूळ वाक्य उघडावं, शक्यतो आवाजासकट. मशीननं टाकलेला खण अभ्यासकाला बदलता यावा. एकच ओवी दोन खणांत ठेवता यावी, कारण भावाची ओवी माहेराचीही असते. मशीनचा अंदाज आणि माणसानं ठरवलेलं वेगळ्या रंगात दिसावं, नाहीतर महिन्यानं कुणालाच आठवत नाही कुणी काय ठरवलं ते. आणि एकदाच कुणीतरी बोललेली गोष्ट बारीक अक्षरात हरवू नये. गावात नडलेली बाई बहुतेक वेळा एकदाच बोलते.

पुढच्या खेपेला कुणी माहिती घ्यायला आलं, तर एवढं जरूर विचारा, ‘माझं बोलणं चित्रात गेल्यावर पुन्हा वाक्य म्हणून सापडंल का?’