पगार संगणकावर गेला, हिशेब कोणाजवळ राहिला?

पगाराचा दिवस कष्टकऱ्याच्या घरात कसा असतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. वाण्याची उधारी, मुलांची फी, आईचे औषध, गावी पाठवायचे पैसे, सारे त्या एका तारखेवर अवलंबून असते. ती तारीख हुकली की घर कसे चालवायचे, हे त्या घरच्या माउलीलाच ठाऊक. आता समजा, पगार आलाच नाही आणि विचारायला गेल्यावर उत्तर मिळाले, 'संगणकात असेच दिसते', तर दाद कोणाकडे मागायची?

हे एखाद्या बुडत्या गिरणीत घडले नाही. कॅनडासारख्या श्रीमंत देशाच्या केंद्र सरकारात घडले. मी स्वतः कारकुनी करणारा माणूस. म्हणून ही हकिगत मला आपल्या घरची वाटते.

कॅनडा सरकारची पगाराची जुनी यंत्रणा सुमारे चाळीस वर्षांची झाली होती. ती बदलणे गरजेचेच होते. 2009 साली काम हाती घेतले गेले. सर्व खात्यांचे पगार एकाच संगणक प्रणालीतून काढायचे आणि त्यासाठी मिरामिची या गावी एक मोठे पगार केंद्र उभारायचे, असे ठरले. 2011 साली आयबीएम या कंपनीला काम मिळाले. तयार मिळणारी 'पीपलसॉफ्ट' ही प्रणाली सरकारच्या गरजेप्रमाणे बेतून घ्यायची होती. नव्या प्रणालीचे नाव ठेवले 'फिनिक्स'. यातून वर्षाला सुमारे 7 कोटी डॉलर वाचतील, असा हिशेब मांडला गेला.

ही बचत येणार कोठून? अर्थात माणसे कमी करून. खात्याखात्यांत पगाराचे काम पाहणारी सुमारे 1,200 पदे 2014 पासून 2016 च्या सुरुवातीपर्यंत रद्द झाली. त्यांच्या जागी मिरामिचीला जेमतेम 550 माणसे आली, आणि त्यांतली बरीचशी नवखी होती.

बंधुभगिनींनो, पगाराचे काम म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी नव्हे. कोणी रजेवर, कोणी बाळंतपणाच्या सुट्टीवर, कोणाची बढती मागल्या तारखेपासून, कोणाचा ओव्हरटाइम, कोणाची रात्रपाळी. कॅनडात असे पगाराचे नियम सुमारे 80 हजार होते. यातले किती कागदावर असतात आणि किती जुन्या कारकुनाच्या डोक्यात, हे ऑफिसात बसणाऱ्यालाच कळते. त्या माणसांना आधी घरी पाठवले आणि मग यंत्र सुरू केले. विहीर लागायच्या आधीच जुनी विहीर बुजवून टाकली!

पुढची चूक त्याहून मोठी. ठरलेल्या पैशात आणि ठरलेल्या तारखेला काम उरकावे म्हणून प्रमुखांनी प्रणालीतली शंभरावर कामे गाळली किंवा पुढे ढकलली. एका खात्यात आधी चालवून पाहायचे ठरले होते. ते 2015 मध्ये रद्द केले. सबंध प्रणाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही तपासली गेली नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये पहिली खाती आणि एप्रिलमध्ये उरलेली खाती फिनिक्सवर आली. 101 खाती, सुमारे 2 लाख 90 हजार कर्मचारी!

मग व्हायचे तेच झाले. कोणाला पगार कमी, कोणाला जास्त, कोणाला मुळीच नाही. ज्यांना जास्त आला त्यांचेही हाल. तो पैसा परत करायचा आणि कराचा घोळ निस्तरायचा. अर्ध्याहून अधिक कर्मचाऱ्यांना याची झळ बसली. तक्रारींचे ढीग साचले. काढून टाकलेल्या कामासाठी शेकडो माणसे पुन्हा भरावी लागली. वाचवायला गेले कोटी आणि घालवले अब्ज.

2018 साली तेथील महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी या कामाला अनाकलनीय अपयश म्हटले. दोष त्यांनी काम चालवणाऱ्यांच्या निर्णयांवर आणि त्यांच्यावर देखरेख नसण्यावर ठेवला. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. यंत्राला अक्कल नसते, ती माणसाने द्यायची असते. कर्मचारी संघटना मात्र स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी मोर्चे काढले, वाटाघाटी केल्या आणि 2019 व 2020 मध्ये झालेल्या मनस्तापाची भरपाई मिळवली. हे एकेकट्याने भांडून झाले नसते.

याचा अर्थ संगणक वाईट, असे मी म्हणत नाही. आपली मुले तो शिकत आहेत, त्यांनी शिकलेच पाहिजे. नीट बसवलेली प्रणाली मजुराच्या हक्काचीच असते. साहेबाच्या मर्जीने हजेरी खोडता येत नाही. पण नवी पद्धत आणताना तीन गोष्टी पाळाव्यात. जुनी आणि नवी पद्धत काही महिने शेजारी-शेजारी चालवून दोन्ही बेरजा जुळवाव्यात. जो ते काम रोज करतो त्याला आधी विचारावे. आणि चूक झाली तर दाद घेणारा माणूस समोर बसलेला असावा.

हे झाले मालकाचे आणि सरकारचे. आपण काय करावे? घरात एक वही ठेवा. कामाचे दिवस, जादा तास, रजा रोजच्या रोज लिहा. पगाराची पावती, मग ती मोबाइलवर आली तरी, जपून ठेवा आणि वहीशी ताडून पाहा. भविष्य निर्वाह निधीचे पासबुक आता मोबाइलवर पाहता येते. कापलेले पैसे खात्यात जमा झाले का, ते शिकल्या मुलाकडून किंवा मुलीकडून महिन्याला पाहून घ्या. चूक दिसली तर तोंडी सांगू नका, अर्ज लिहा, पोच घ्या आणि चारजण मिळून जा.

संगणकात काही दिसो, आपल्या घामाचा हिशेब आपल्या वहीत असला पाहिजे. आजच्या पगारापासूनच ही वही सुरू करा.