पंधरा मिनिटांचा अर्धांगवायू

केशवापुरात आमच्या अक्काच्या घरी उंबरठ्याच्या आत मराठी आणि बाहेर कन्नड, हा शिरस्ता दोन पिढ्यांचा. त्यामुळे गेल्या श्रावणात एका सकाळी दूधवाल्याशी बोलताना अण्णांच्या, म्हणजे अक्काच्या यजमानांच्या, तोंडून अर्धे मराठी, अर्धे कन्नड आणि काही कोणत्याच भाषेतले नाहीत असे शब्द बाहेर पडू लागले, तेव्हा दूधवाला हसला आणि आतून अक्काही हसली. उजव्या हातातले पातेले निसटून दूध अंगणभर झाले, तेव्हा मात्र कोणी हसले नाही. पंधरा मिनिटांत वाचा परत आली, हातात बळ आले. ‘पित्त चढलं होतं,’ असे म्हणून अण्णा पूजेला बसले.

भाच्याने ऐकले नाही. त्याने रिक्षा आणली आणि त्यांना रुग्णालयात नेले. मेंदूचा सी.टी. स्कॅन झाला. अहवालातला एकच शब्द अक्काला समजला, ‘नॉर्मल’. तिने तिथल्या तिथे मारुतीला नारळ कबूल केला. मंडळी निघण्याच्या तयारीत असता तेथील तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘रक्तस्राव झाला आहे का, एवढंच मी या चित्राला विचारलं होतं. त्यानं नाही म्हटलं. दुसरा प्रश्न अजून विचारायचाच आहे.’

मेंदूचा रक्तपुरवठा दोन तऱ्हांनी बिघडतो. वाहिनी फुटते किंवा तुंबते. फुटली असेल तर सांडलेले रक्त सी.टी.वर लगेच पांढरे दिसते, आणि हे कळल्यावाचून रक्त पातळ करणारी गोळी देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. म्हणून पहिला मान सी.टी.चा. पण वाहिनी तुंबून मेंदूचा एखादा कण उपाशी पडला, तर ती खूण सी.टी.वर उमटायला कित्येक तास लागतात, आणि कण लहान असेल तर ती कधी उमटतही नाही.

या यंत्राची जन्मकथा आम्हां हुबळीकरांना थोडी जवळची वाटावी अशी आहे. गंगुबाई हनगल यांच्या आरंभीच्या तबकड्या ज्या एच.एम.व्ही.ने काढल्या, तिची मूळ कंपनी ई.एम.आय. त्याच ई.एम.आय.मधील गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याने हे यंत्र घडवले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र त्यावर निघाले, आणि १९७९ साली ॲलन कॉर्मॅक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. असो.

दुसरा प्रश्न एम.आर.आय.ला विचारायचा असतो. त्यात क्ष-किरण नाहीत, चुंबक आहे. त्याच्या एका विशिष्ट पद्धतीत, जिला डॉक्टर ‘डिफ्यूजन’ म्हणतात, मेंदूतील पाण्याच्या कणांची हालचाल टिपली जाते. एरवी हे कण पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत बागडत असतात. रक्त थांबले की पेशींच्या भिंतीतले पंप बंद पडतात, पाणी आत शिरते, पेशी फुगतात आणि मधल्या वाटा अरुंद होतात. पाण्याची चाल मंदावलेली ती जागा चित्रात पांढरी चमकते, तीही बहुधा पहिल्या काही तासांतच. संध्याकाळी अण्णांच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असा एक ठिपका दिसला, ज्वारीच्या दाण्याएवढा.

एवढ्याशा दाण्यासाठी एवढा आटापिटा कशाला, असे अक्काच्या शेजारीण म्हणाल्या. मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत अधिक असतो, हे त्याचे उत्तर. ऑक्सफर्ड येथे पीटर रॉथवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा रुग्णांवर त्वरित उपचार सुरू केल्यावर तीन महिन्यांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण शंभरात सुमारे दहावरून दोनवर आले. शिवाय ठिपका कारणाचा मागही दाखवतो. मेंदूच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले ठिपके असले तर गुठळी हृदयातून येत असावी असा संशय घेतात. एकाच बाजूला असतील तर मानेतल्या रक्तवाहिनीकडे बघतात.

आता यंत्रावर फार विसंबणेही बरे नव्हे. लक्षणे ओसरलेल्या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांशांतच असा ठिपका सापडतो. विशेषतः मेंदूच्या मागच्या भागातला झटका या चित्रालाही कधी कधी हुलकावणी देतो. तेव्हा अर्धशिशी, फेफरे किंवा रक्तातील साखर उतरणे यांतून खरे कारण निवडायला, घडले ते नीट सांगणारा माणूस आणि नीट ऐकून घेणारा डॉक्टर हीच दोन साधने उरतात. दूधवाल्याने सांगितलेली वेळ आणि शब्द डॉक्टरीणबाईंनी फोनवरून विचारून लिहून घेतले होते. आणि लक्षणे चालूच असतील तर एम.आर.आय.साठी खोळंबून राहायचे नाही. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्या निर्णयाला बहुतेक वेळा सी.टी. पुरतो.

अण्णांना २१ दिवस दोन गोळ्या आणि पुढे त्यांतली एक असे औषध मिळाले. रक्तदाब किती वाढलेला होता हेही त्या निमित्ताने प्रथमच कळले. मारुतीचा नारळ अक्काने फोडला. ‘नॉर्मल’ लिहिलेली आणि ठिपका असलेली, दोन्ही फिल्म तिने पेन्शनच्या कागदांबरोबर कपाटात ठेवल्या आहेत. दूधवाला मात्र अजून रोज दूध घालण्याआधी अण्णांना कन्नडमध्ये एक प्रश्न विचारतो, आणि पूर्ण उत्तर ऐकूनच माप भरतो.