शिदोरी, एसटी आणि अंबाजोगाई

युरोपातील विद्यार्थी सुटी लागताच पाठीवर पिशवी टाकून फ्लॉरेन्स, प्राग किंवा टोलेडो अशा एखाद्या पुरातन नगरीकडे निघतो, तेव्हा त्याच्या खिशात विपुल द्रव्य असते असा समज करून घेण्याचे कारण नाही. त्याच्या पाठीशी असते ती शंभराहून अधिक वर्षे मुरलेली एक व्यवस्था. 1909 साली रिचर्ड शिर्मान नावाचा एक जर्मन शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांसह पायी भटकत असता वादळात सापडला, एका खेड्यातील शाळेत त्या सर्वांनी कशीबशी रात्र काढली, आणि सुटीत ओस पडणाऱ्या शाळा या भटक्या मुलांना निवाऱ्यासाठी का देऊ नयेत, असा साधा विचार त्याच्या मनात आला. त्यातूनच पुढे 1912 साली आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात पहिले कायमचे युवा वसतिगृह उघडले. 1972 साली तिकडील रेल्वे कंपन्यांनी 21 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी महिनाभर चालणारे, अनेक देशांत उपयोगी पडणारे एकच तिकीट काढले, आणि स्वस्तात निजणे व स्वस्तात हिंडणे या दोन्ही गोष्टी जुळून आल्याने गरीब घरच्या मुलालाही मायकेलअँजेलोचे शिल्प समक्ष पाहता येऊ लागले.

बीडसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला फ्लॉरेन्स दूर आहे हे खरे. परंतु निजण्याची व हिंडण्याची सोय आणि पाहण्याजोगी प्राचीन नगरी या दोन्ही गोष्टी त्याच्या तालुक्याच्या वेशीपाशी उभ्या आहेत, आणि त्यांचा लाभ चार मित्रांनी मिळून घ्यावा असे त्याला कोणी सांगत मात्र नाही. शाळेची सहल रायगड, महाबळेश्वर अथवा कोकणचा समुद्र दाखवून परतते. आपल्याच जिल्ह्यातील अंबाजोगाई लग्नाच्या वऱ्हाडातून किंवा रुग्णाला मेडिकल कॉलेजात नेताना जेवढी दिसते तेवढीच.

याला जिल्ह्याचे एक दुःखही कारण आहे, ते ओलांडून पुढे जाता येत नाही. येथील असंख्य कुटुंबे दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्या घरातील कित्येक मुलांनी कारखान्याच्या आवारातील कोपी, उसाचे फड आणि रात्रीची गाडीवाट हे सर्व पाहिलेले असते, म्हणजे प्रवास त्यांना अपरिचित नसतो, अपरिचित असते ते काही पाहण्यासाठी, कोणाचे देणे डोक्यावर नसता घराबाहेर पडणे. अशा घरातून महाविद्यालयात आलेल्या मुलाने मित्रांबरोबर दोन दिवस उनाडावे यात चैन आहे असे त्याच्या वडिलांना वाटते, व त्यांना दोष देता येत नाही. म्हणून खर्चाचा हिशेब येथे आधी मांडावा लागतो.

तो हिशेब फारसा भयावह नाही. राज्य परिवहनाची 'आवडेल तेथे प्रवास' ही जुनी योजना चार अथवा सात दिवसांच्या पासवर कोठेही चढण्या-उतरण्याची मुभा देते. मार्च 2023 पासून स्त्रियांना तिकिटात निम्मी सवलत असल्याने, टोळीत मुली असतील तर सामायिक वर्गणी काढायची की 'टीटीएमएम', म्हणजे 'तुझे तू, माझे मी', करायचे, यावर बसस्थानकातच वाद जुंपतो आणि बहुधा मुलीच तो जिंकतात. मुक्कामाला देवस्थानांची भक्तनिवासे आहेत, जी युरोपातील वसतिगृहांहून वयाने लहान असली तरी ज्या धर्मशाळांच्या परंपरेतून आली ती फार जुनी आहे. पहिल्या दिवसाच्या जेवणाची तजवीज घरूनच होते: ज्वारीचे धपाटे दोन दिवस टिकतात, तेलात परतलेला ठेचा त्याहून अधिक, आणि दही काय ते वाटेत घ्यावे लागते.

बीडहून निघणाऱ्याने गाडीत बसण्यापूर्वी गावातच दोन स्थळे पाहून घ्यावीत. चौकोनी जलाशयाच्या मध्यावर उभे असलेले कंकालेश्वराचे मंदिर हे एक. दुसरी गावाबाहेरची खजाना बावडी, जी अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत, 1582 च्या सुमारास, सलाबतखानाने बांधविली. नगरजवळच्या डोंगरावर ज्याची कबर लोक चुकून चांदबिबीचा महाल म्हणून दाखवितात, तोच हा वजीर. बावडीचे पाणी मोटेवाचून, केवळ जमिनीच्या उतारावर, भुयारी नहरातून शेताकडे वाहते, आणि अवर्षणाचा शाप लाभलेल्या या मुलखात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तिच्या कठड्याशी अर्धा तास बसावे इतके शिकण्यासारखे तेथे निश्चित आहे.

तेथून मांजरसुंब्याचा घाट चढून, नेकनूर व केज मागे टाकीत गाडी अंबाजोगाईस येते. हा कसबा यादवांच्या काळी भरभराटीस होता; पुढे निजामाच्या राज्यात येथे हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्याची छावणी पडली, आणि मोमिनाबाद हे नाव सरकारी दफ्तरात दीर्घकाळ वहिवाटीत राहिले. स्वामी रामानंद तीर्थ येथील योगेश्वरी विद्यालयात अध्यापन करीत होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व पुढे ज्यांच्याकडे आले त्यांचेच नाव येथील वैद्यकीय महाविद्यालयास आहे. एवढे इतिहासाचे थर एका तालुक्याच्या गावात चढलेले असता, युरोपात अशा गावाच्या प्रत्येक वळणावर पाटी असती. येथे विचारत विचारत जावे लागते, आणि खरे सांगायचे तर अल्प खर्चात हिंडणाऱ्याला हे विचारणे वरदानच ठरते, कारण रिक्षा करून जाणाऱ्यास रस्ता सांगणारा म्हातारा भेटत नाही.

योगेश्वरी ही कोकणातील चित्पावनांची कुलदेवता, आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या कुळांनी आपली देवी बालाघाटाच्या डोंगरात का मानली, हे कोडे मुलांना रात्रभर पुरते. देवी कुमारिका आहे. परळीच्या वैद्यनाथाशी तिचा विवाह ठरला, मुहूर्त टळला आणि सारे वऱ्हाड जागच्या जागी पाषाण झाले, अशी लोककथा आहे. त्या वऱ्हाडाचा मांडव म्हणजे गावाबाहेरची शिवलेणी, जिला लोक हत्तीखाना म्हणतात. खडक कोरून केलेल्या प्रशस्त अंगणात नंदीचा मंडप आहे आणि भोवती पाषाणाचे हत्ती उभे आहेत, काळाने आणि माणसांनीही झिजविलेले. त्यांच्या पाठीवर बसून फोटो काढण्याचा मोह ज्या टोळीला आवरतो ती टोळी सुसंस्कृत समजावी. कथा खरी नाही हे सर्वांना ठाऊक असते, तरीही अंगणाच्या कडेला उभे राहिल्यावर मांडवात पाहुणे थांबलेत असे वाटल्याखेरीज राहत नाही.

माझ्या मते या गावातील सर्वांत हृद्य वस्तू एक शिलालेख आहे. यादवराजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचे येथे मोठे प्रस्थ होते. त्याचा पुत्र राम गुजरातेवरील मोहिमेत धारातीर्थी पडला, आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ मंदिर उभारले, असे 1240 सालचा लेख सांगतो. यादवकालीन लेखांत दाने, अग्रहार व राजांच्या बिरुदावल्या उदंड आहेत. भावासाठी देऊळ बांधणारी बहीण मात्र मला तरी त्यांत सहसा भेटलेली नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने सकळेश्वराचे बाराखांबी मंदिर पाहताना हे सारे घराणे मनात ठेवले, तर ते स्तंभ निव्वळ दगड उरत नाहीत.

मुकुंदराजांची समाधी गावापासून दूर दरीत आहे व तेथवर पायी जाण्यातच आनंद आहे. त्यांच्या 'विवेकसिंधू'तील अंबानगर म्हणजे अंबाजोगाईच काय, असा प्रश्न मात्र विदर्भातील मित्र सोबत असता काढू नये. भंडाऱ्याकडील आंभोऱ्याचा दावा तो प्राणपणाने लढवितो, आणि पायवाटेवरचा वाद पायथ्याशी मिटत नाही. दासोपंतांची गोष्ट निर्विवाद आहे. सोळाव्या शतकातील या ग्रंथकाराने कागद सोडून कापडावर, सुमारे 40 फूट लांबीच्या पासोडीवर, 'पंचीकरण' लिहिले. ही पासोडी येथील त्यांच्या देवघरात सांभाळलेली आहे. मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकवून वाचणाऱ्या मुलांना ती उलगडत जाणारी ओळ पाहून काय वाटते, हे मी त्यांना विचारलेले नाही.

वेळ उरला तर धारूरचा किल्ला करावा. आदिलशाही सरदार किश्वरखानाने तो बांधला, आणि लवकरच निजामशाहीने जिंकून घेतला. आज त्याच्या आसपासच्या डोंगरांत पिकणारे सीताफळ त्या सरदाराहून अधिक विख्यात आहे, आणि भौगोलिक मानांकनही त्यालाच मिळाले. पावसाळा संपता संपता रस्त्याच्या कडेला पाट्या मांडलेल्या दिसतात. भाव करण्यात पटाईत असलेला एक मित्र टोळीत असावा. परळी जवळच आहे, तेथे वैद्यनाथाचे दर्शन घेऊन रेल्वेही गाठता येते. बीड शहरात मात्र प्रवासी गाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी, म्हणजे पिढ्यान्पिढ्या वाट पाहून.

आता शिर्मान गुरुजींच्या विचाराकडे. अंबाजोगाई हे विद्यार्थ्यांचे गाव आहे. महाविद्यालये आहेत, त्यांची वसतिगृहे आहेत, आणि दिवाळीच्या सुटीत त्यांतील खोल्या रिकाम्या पडतात. त्या इतर गावच्या विद्यार्थ्यांना नाममात्र भाड्याने द्याव्यात, अशी सूचना मी एका संस्थेत केली तेव्हा तिची अडचण अत्यंत प्रामाणिकपणे सांगितली गेली: चादरी कोण धुणार, आणि सुटीत किल्ल्या कोणाकडे ठेवायच्या. दोन्ही प्रश्न वाजवी आहेत; चादर प्रत्येकाने आपली आणावी, आणि किल्ल्या रखवालदाराकडे ठेवाव्यात, कारण सुटीतही तेथे तो एकटा असतोच.