घर मुलाच्या नावावर केलं आणि नंतर मुलाने बघितलंच नाही, तर? कायदा काय सांगतो?

'आज ना उद्या तुझंच आहे,' असं म्हणत अनेक आई-वडील राहतं घर मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर करून टाकतात. पुढे सगळं नीट चाललं तर प्रश्नच नाही. पण त्याच घरात त्यांना जेवणासाठी, औषधासाठी हात पसरावे लागले तर काय? यासाठी आपल्याकडे २००७ पासून आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा आहे.

कोण दाद मागू शकतं?

६० वर्षांवरील ज्येष्ठ नागरिक आणि स्वतःचा खर्च भागवू न शकणारे आई-वडील. आई-वडिलांना वयाची अट नाही. सावत्र आणि दत्तक आई-वडीलही यात येतात. जबाबदारी मुलाइतकीच मुलीची आणि सज्ञान नातवंडांचीही आहे.

अर्ज कुठे करायचा?

प्रांताधिकाऱ्यांच्या म्हणजेच उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. तिथल्या न्यायाधिकरणापुढे वकिलाची गरज नसते. स्वतः जाणं जमत नसेल, तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. मुलांना नोटीस मिळाल्यापासून साधारण ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. मूळ कायद्यानुसार दरमहा जास्तीत जास्त १० हजार रुपये देण्याचा आदेश होऊ शकतो.

दिलेलं घर परत मिळतं का?

मिळू शकतं. 'सांभाळ करशील' या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती अट पाळली नाही, तर कलम २३ नुसार बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाबतीत हेच झालं. तिने २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं आणि मालमत्तेचा ताबा आईला परत देण्याचा आदेश दिला.

पण खरी मेख त्या अटीतच आहे. अट घातली होती हे दाखवता आलं नाही, तर हे कलम कामी येत नाही. त्यामुळे बक्षीसपत्र करतानाच सांभाळाची अट स्पष्ट लिहून घ्या. याचा अर्थ मुलांवर अविश्वास दाखवणं असा नाही.

सोडून दिलं तर?

सांभाळाची जबाबदारी असताना ज्येष्ठ व्यक्तीला कायमचं वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. त्यासाठी ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग प्रश्न सुटला?

पूर्ण नाही. कायदा पैसे आणि घर मिळवून देऊ शकतो. पण 'आज गुडघा कसा आहे?' हे विचारायला तो कुणाला भाग पाडू शकत नाही. घराच्या निर्णयात त्यांचं मत घेणं, मोबाइल शिकवताना चिडचिड न करणं, चारचौघांत त्यांचं बोलणं न तोडणं, हे आपल्यालाच करावं लागेल.

तुमच्या ओळखीत कुणाला मदतीची गरज असेल, तर ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर त्यांना नक्की पाठवा: १४५६७.