फाइल एक, टीव्ही अनेक
लेखमाला : घरचं चित्रण – भाग ५

गेल्या आठवड्यात आपण व्हीएचएस कॅसेट आणि मिनीडीव्ही टेपांवरचं चित्रण हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं. बहुतेक घरांत काम इथेच थांबतं. डिस्क कपाटात जाते. लग्न, मुंज, बारसं, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन पाहायचं म्हटलं की कुणीतरी ती शोधायची, टीव्हीच्या मागे हात घालून जोडायची आणि निरर्थक नावांच्या फाइलींतून हवी ती हुडकायची. असा योग वर्षातून एखाद्या वेळी येतो. उतरवण्याचे सगळे कष्ट ज्यासाठी केले ते पाहणं सहज व्हायला हवं. आजीला तिच्या खोलीतल्या टीव्हीवर, कुणाची मदत न घेता, धाकट्या लेकीचं लग्न लावता यायला हवं. आजचा भाग त्यासाठी.

मांडणी साधी आहे. घरातला एक कंप्युटर कायम चालू राहतो, सगळ्या फाइली त्याच्यापाशी असतात आणि त्यावर मीडिया सर्व्हर नावाचा प्रोग्राम चालतो. टीव्हीवर त्याच प्रोग्रामचं अॅप असतं. दोन्ही घरच्या राउटरला जोडलेले असतात. सगळी देवाणघेवाण घरातल्या घरात होते. इंटरनेटचा डेटा त्यात खर्च होत नाही आणि इंटरनेट बंद पडलं तरी घरच्या वाय-फायवरून चित्र येत राहतं. ब्रॉडबँडचा मोठा पॅक घेतला तर टीव्हीवर अडखळणं थांबेल असं पुष्कळांना वाटतं, पण त्या पॅकचा या कामाशी संबंध नाही.

प्रोग्राम कोणता? प्लेक्स २००८ मध्ये एक्सबीएमसी या मुक्त प्रकल्पातून फुटून निघाला. तोच एक्सबीएमसी २०१४ पासून कोडी या नावाने ओळखला जातो. २०१८ मध्ये एम्बी या आणखी एका मीडिया सर्व्हरने आपला कोड बंद केला, तेव्हा काही जणांनी त्याची आधीची खुली आवृत्ती पुढे नेली आणि जेलीफिन तयार झाला. कौटुंबिक चित्रणासाठी मी जेलीफिनच सुचवीन. तो मोफत आहे, आणि कुठल्याही कंपनीकडे खातं न उघडता चालतो. आपल्या घरच्या लग्नाच्या फाइलींची यादी बाहेर कुणाकडे जायचं काही कारण नाही. त्यात लायब्ररी बनवताना मात्र प्रकार ‘होम व्हिडिओ’ असाच निवडा. ‘मूव्हीज’ निवडलात तर तो फाइलींची नावं इंटरनेटवरच्या चित्रपटांच्या सूचीशी जुळवायला जातो आणि तुमच्या घरच्या कार्यावर भलत्याच सिनेमाचं पोस्टर चिकटू शकतं. फाइलीचं नाव वर्ष, महिना, दिवस आणि मग प्रसंग असं ठेवा, म्हणजे सगळं आपोआप कालक्रमाने लागतं.

आता मुख्य गोष्ट. चित्र अडखळलं की दोष वाय-फायला दिला जातो. पुष्कळदा कारण वेगळंच असतं: फाइल आणि टीव्ही यांचं जुळत नसतं. प्रत्येक टीव्हीला ठरावीक कोडेक कळतात, म्हणजे चित्र आणि आवाज आवळून बांधण्याच्या ठरावीक पद्धती. फाइल त्यांपैकी एखाद्या पद्धतीत असेल तर सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवतो. याला डायरेक्ट प्ले म्हणतात, आणि त्यासाठी दहा वर्षं जुना लॅपटॉपही पुरतो. टीव्हीला ती पद्धत कळत नसेल तर सर्व्हरला फाइल उलगडून, दुसऱ्या पद्धतीत बांधून, त्याच वेळी पाठवावी लागते. हे ट्रान्सकोडिंग. पंगत बसल्यावर पोळ्या लाटायला घेण्यासारखं आहे ते: हात चपळ असेल तर निभावतं, नाहीतर पानं रिकामी राहतात. आणि दोन खोल्यांत दोन टीव्ही एकाच वेळी लागले तर काम दुप्पट.

अंदाज बांधत बसू नका. चित्र सुरू असताना जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. कोणत्या टीव्हीवर काय चाललंय, ते थेट जातंय की ट्रान्सकोड होतंय आणि होत असेल तर का, हे तिथे लिहिलेलं असतं. कारण फक्त आवाजाचं असेल, उदाहरणार्थ टीव्हीला डीटीएस कळत नसेल, तर काळजी नको. आवाज बदलणं कंप्युटरला हलकं जातं. चित्राचा कोडेक हे कारण असेल तर ते भारी काम. आणखी एक कारण पटकन ध्यानात येत नाही, ते म्हणजे डीव्हीडीवरची सबटायटल्स. ती अक्षरं नसून चित्रं असतात. टीव्हीला ती वेगळी दाखवता आली नाहीत तर सर्व्हरला प्रत्येक फ्रेमवर ती उमटवून अख्खं चित्र नव्याने बांधावं लागतं. सबटायटल लावलं की अडखळतं आणि काढलं की सुरळीत चालतं, त्यामागे हेच असतं.

मिनीडीव्हीवरून उतरवलेल्या फाइलींकडे इथे खास पाहायला हवं, कारण २००० च्या आगेमागे झालेली कितीतरी लग्नं याच टेपांवर आहेत. या फाइलीत चित्रासाठी सेकंदाला २५ मेगाबिट लागतात आणि तासाभराचं चित्रण सुमारे १३ जीबी होतं. डीव्ही नावाचा हा कोडेक टीव्हींना सहसा ओळखीचा नसतो, त्यामुळे अशी प्रत्येक फाइल ट्रान्सकोड होणार. शिवाय ते चित्र इंटरलेस्ड असतं: सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम नसून ५० अर्धी चित्रं, एकदा विषम ओळी, एकदा सम. जुन्या काचेच्या टीव्हीवर ते गुळगुळीत दिसायचं. आजच्या पॅनेलवर दोन अर्धी चित्रं नीट वेगळी न करता जोडली तर हलणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या कडेला फणीचे दात दिसतात. नवरी हार घालायला हात उचलते तेव्हा बांगड्यांची कडा फाटते. अक्षता पडतात तिथे नुसत्या आडव्या रेघा उमटतात.

यावर उपाय म्हणजे फाइल एकदाच, सावकाश, रात्रभर कंप्युटर लावून बदलून घेणं. हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम त्यासाठी चांगला आहे. साचा एमपी४, चित्राला एच.२६४, आवाजाला एएसी. २००३ मध्ये आलेला एच.२६४ आज बाजारातल्या जवळपास कुठल्याही टीव्हीला कळतो. डीइंटरलेसच्या खाली ‘बॉब’ हा पर्याय घ्या आणि फ्रेमचा वेग सेकंदाला ५० ठेवा. पन्नासही अर्ध्या चित्रांतली हालचाल मग शाबूत राहते. पंचवीसवर आणलं तर वरात किंचित झटके देत चालते, आणि एकदा ते दिसलं की डोळ्याला खुपतच राहतं. चित्राचं प्रमाण ४:३ असंच राहू द्या. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात त्या राहोत, माणसं ओढून रुंद करू नका. मूळ डीव्ही फाइल कधीही पुसू नका. नवी एमपी४ ही फक्त टीव्हीसाठी काढलेली प्रत आहे. उद्या आणखी चांगली पद्धत आली तर पुन्हा मुळातूनच काढायची. फोनवरच्या अलीकडच्या चित्रणाला बहुतेकदा हात लावायची गरज नसते: त्यातला एचईव्हीसी कोडेक ४के टीव्हींना सहसा कळतो.

इतकं केलं की नेटवर्कवरचा भारही हलका होतो. फोनवरचं ४के, सेकंदाला ६० फ्रेमचं चित्रण मिनिटाला ४०० एमबीच्या आसपास जातं, म्हणजे सेकंदाला पन्नासेक मेगाबिट. त्याहून जड घरात फारसं काही नसतं. टीव्हीच्या लॅन पोर्टचा वेग बहुधा १०० मेगाबिट असतो, तोही याला पुरतो. म्हणून शक्य असेल तिथे तार टाका. सर्व्हर तरी तारेनेच राउटरला जोडा. टीव्हीसारखाच तोही वाय-फायवर असला तर प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते. टीव्ही वाय-फायवर ठेवायचा असेल तर ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण काँक्रीटच्या भिंतीपलीकडे त्याची ताकद लवकर उतरते.

आपल्याकडे एक अडचण वारंवार येते. ब्रॉडबँडवाल्याने एक राउटर दिलेला असतो आणि वरच्या मजल्यासाठी घरच्यांनी दुसरा आणून जोडलेला असतो. दोन्ही राउटर म्हणूनच चालत असतील तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. टीव्ही आपल्याच नेटवर्कवर हाक मारून सर्व्हर शोधतो आणि ती हाक दुसऱ्या राउटरपलीकडे जात नाही. दिवाणखान्यात सगळं दिसतं, वर काहीच नाही. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ‘अॅक्सेस पॉइंट’ म्हणून लावला की घर पुन्हा एक होतं. सर्व्हरचा आयपी पत्ताही मुख्य राउटरमध्ये राखून ठेवा, म्हणजे तो अधूनमधून बदलणार नाही.

विजेचंही पाहा. बायॉसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हायचं सेटिंग असतं. ते चालू केलं नाही तर भारनियमनानंतर कंप्युटर बंदच राहतो आणि टीव्हीवर नुसती रिकामी यादी येते. नवा कंप्युटर घ्यायचाच असेल तर इंटेल एन१०० सारखा प्रोसेसर असलेला छोटा मिनी पीसी घ्या. वीज कमी खातो, आणि क्विक सिंक हे व्हिडिओ बांधणारं हार्डवेअर असल्यामुळे कधी ट्रान्सकोड करावं लागलंच तर सहज करतो. रास्पबेरी पाय ५ मध्ये व्हिडिओ बांधणारं वेगळं हार्डवेअर नाही. सगळ्या फाइली थेट चालणाऱ्या असतील तरच त्याचा विचार करा.

न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या लेकीलाही हे दिसावं असं वाटणारच. त्यासाठी राउटरचं पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकू नका. आपल्याकडच्या कित्येक ब्रॉडबँड जोडण्यांत अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे ते बहुधा चालणारही नाही. चाललं तर सर्व्हर साऱ्या जगासमोर येईल. टेलस्केल हे व्हीपीएन सर्व्हरवर आणि तिच्याकडच्या उपकरणावर टाका, म्हणजे तिचं उपकरण आपल्याच घरच्या नेटवर्कवर असल्यासारखं वागतं. अशा वेळी मात्र ब्रॉडबँडच्या पॅकचा संबंध येतो: पाहायचा तो अपलोडचा वेग. तो कमी असेल तर तिच्यासाठी कमी मेगाबिटची वेगळी प्रत काढून ठेवा.

(पुढील भाग : एकाच डिस्कवर विसंबू नका – बॅकअप कुठे, किती आणि कसे)