फुकट ब्लॉगांची फौज आणि गुगलचा पहिला नंबर

छत्रपती संभाजीनगरात धंद्याची वेबसाइट काढली, की मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लवकरच एखादी ऑफर येऊन पडते: 'हाय डीए बॅकलिंक्स, शंभर टक्के डूफॉलो, पहिल्या पानाची गॅरंटी.' अजिंठा-वेरूळला गाड्या सोडणारा ट्रॅव्हल्सवाला असो, औरंगपुऱ्यातला क्लास असो की वाळूजमध्ये जॉबवर्क करणारा कारखानदार, पॅकेज सगळ्यांना एकच. ब्लॉगस्पॉट, वर्डप्रेस डॉट कॉम, टंबलर अशा फुकटच्या जागांवर पंचवीस-पन्नास ब्लॉग उघडायचे, प्रत्येकात दोन-तीन लेख टाकायचे आणि प्रत्येक लेखातून गिऱ्हाइकाच्या वेबसाइटची लिंक द्यायची. जितक्या लिंक जास्त, तितका नंबर वर, असा हिशेब.

हा हिशेब हवेतून आलेला नाही. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना त्यांनी जे शोधयंत्र बांधलं, तेच पुढे गुगल झालं, आणि त्याचं सुरुवातीचं नावच, बॅकलिंकवरून, 'बॅकरब' होतं. १९९८ च्या शोधनिबंधात त्यांनी 'पेजरँक' मांडला. एखाद्या संशोधनाचा दाखला इतर संशोधक किती देतात यावरून त्याचं वजन कळतं, तसं एखाद्या पानाकडे इतर कोणती पानं बोट दाखवतात यावरून त्याचं वजन ठरवायचं. पण त्यात एक अट होती आणि पॅकेजवाले नेमकी तीच सांगत नाहीत. प्रत्येक लिंकचं मोल सारखं नव्हतं. ज्या पानाकडेच कुणी बोट दाखवत नाही, त्याच्या बोटाला पहिल्या दिवसापासून जवळपास किंमत नव्हती. काल उघडलेला, कुणीही न वाचलेला ब्लॉग यात कुठे बसतो, हे सांगायला नको.

'ब्लॉगस्पॉट तर गुगलचंच आहे, घरचीच लिंक गुगल कशी नाकारेल?' हा सर्वांत लाडका गैरसमज. मालकी गुगलची, हे खरं. पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने १९९९ मध्ये ब्लॉगर सुरू केलं आणि फेब्रुवारी २००३ मध्ये गुगलने ती कंपनी विकत घेतली. पण घरचं म्हणून सवलत मिळते, याला आधार नाही. उलट ब्लॉगरच्या नियमांत, स्वतःच्या वेबसाइटकडे गर्दी वळवण्यासाठी किंवा शोधात तिचा नंबर वर नेण्यासाठी काढलेले ब्लॉग स्पॅम समजले जातील, असं बराच काळ लिहिलेलं होतं. वर्डप्रेस डॉट कॉमलाही केवळ शोधयंत्रासाठी चालवलेले ब्लॉग चालत नाहीत. गुगलला हा उपद्रव जुना आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये ब्लॉगस्पॉटवर यंत्राने तयार केलेल्या बनावट ब्लॉगांचा असा पूर आला, की इंग्रजीत त्यांच्यासाठी 'स्प्लॉग' हा शब्द रूढ झाला.

याच गैरसमजाचं जुळं भावंड म्हणजे डीए, अर्थात डोमेन ऑथॉरिटी. 'वर्डप्रेसचा डीए नव्वदच्या वर आहे, तो तुम्हाला मिळेल,' असं छातीठोकपणे सांगितलं जातं. मुळात हा आकडा गुगलचा नाही. तो मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा अंदाज आहे आणि गुगल तो वापरत नाही, हे मॉझ स्वतःच सांगते. दुसरं, फुकट ब्लॉगचा पत्ता मुख्य डोमेनच्या पोटात असतो आणि असे पत्ते साधारणपणे स्वतंत्र साइट म्हणूनच पाहिले जातात. निराला बाजारातल्या मोक्याच्या संकुलात मागच्या बाजूला गाळा घेतला, म्हणून समोरच्या नामांकित दुकानाचं गिऱ्हाईक आपसूक मागे येत नाही.

असा एखादा ब्लॉग उघडून पाहावा म्हणजे सगळं लक्षात येतं. शीर्षक 'बेस्ट टॅक्सी सर्व्हिस इन औरंगाबाद'. पहिल्या चार ओळींत हेच शब्द तीनदा. पुढे वेरूळच्या १६ क्रमांकाच्या कैलास लेण्याची माहिती, कुठून तरी उचलून सॉफ्टवेअरने शब्द फिरवलेली. त्यामुळे 'रॉक-कट'चं 'स्टोन-स्लाइस्ड' झालेलं. त्यात एक निळी लिंक. लेखकाचं नाव नाही, फोटो नाही, प्रतिक्रिया नाही, आणि तीन लेखांनंतर पुन्हा कधी कुणी तिकडे फिरकलेलं नाही. तीन परिच्छेद वाचून माणसाला जे कळतं ते अब्जावधी पानं चाळणाऱ्या यंत्राला कळणार नाही, अशी आशा ठेवूनच हा धंदा चालतो.

डूफॉलोचं प्रकरणही थोडं समजून घ्यायला हवं. ब्लॉगांच्या प्रतिक्रियांत लिंक चिकटवणाऱ्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या एमएसएनने मिळून 'नोफॉलो' ही खूण आणली. लिंक आहे, पण तिची शिफारस नाही, असा तिचा अर्थ. सप्टेंबर २०१९ मध्ये गुगलने जाहिरातीच्या लिंकसाठी 'स्पॉन्सर्ड' आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकसाठी 'यूजीसी' अशा आणखी दोन खुणा दिल्या. मीडियमसारखी ठिकाणं बाहेरच्या लिंकवर 'नोफॉलो'ची खूण आपोआप मारतात. ब्लॉगरवर लिंक टाकताना ती मारायची की नाही हे लिहिणारा ठरवतो. म्हणून ब्लॉगस्पॉटची लिंक तांत्रिकदृष्ट्या 'डूफॉलो', म्हणजे ही खूण नसलेली, असू शकते. पण खूण नसणं म्हणजे वजन असणं नव्हे. पॅकेजचा भाव मात्र याच गल्लतीवर ठरतो.

मग लिंकच्या जोरावर कुणीच वर गेलं नाही का? गेले की. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या बड्या दुकानसाखळीचं उदाहरण गाजलं. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं, की विषयाशी काडीचा संबंध नसलेल्या हजारो पानांवर पेरलेल्या लिंकमुळे ही कंपनी कित्येक वस्तूंच्या शोधात पहिली येत होती. गुगलने कारवाई केली तेव्हा सॅमसोनाइटच्या बॅगांच्या शोधात पहिल्या नंबरावर असलेली पेनी दोन तासांत ७१ व्या नंबरावर गेली. त्याच वर्षी गुगलने को डॉट सीसी या सेवेखालच्या एक कोटी दहा लाखांहून जास्त साइट शोधातून एकदम काढून टाकल्या. फुकट किंवा नाममात्र दरात पत्ते देणारी ही सेवा स्पॅमवाल्यांनी भरून गेली होती. त्या गर्दीत जे थोडेबहुत प्रामाणिक लोक होते तेही तिच्याबरोबर गेले. एप्रिल २०१२ मध्ये गुगलच्या क्रमवारीत 'पेंग्विन' हा बदल आला तो खास अशा बनावट लिंकसाठी. म्हणजे आज विकला जाणारा उपाय दशकभरापूर्वीच निकामी झाला. बाजारात तो टिकलाय, एवढंच.

इथे उलट्या टोकाचा गैरसमजही आहे. 'आता वेबसाइट बॅन होणार,' किंवा 'स्पर्धकाने माझ्यावर घाणेरड्या लिंक सोडल्या,' अशी घाबरगुंडी अनेकांची उडते. सप्टेंबर २०१६ च्या नव्या पेंग्विनपासून गुगलचा भर शिक्षा करण्यापेक्षा अशा लिंक हिशेबातच न धरण्यावर आहे आणि २०२२ अखेरीपासून 'स्पॅमब्रेन' ही यंत्रणाही लिंक ओळखून निष्प्रभ करते. थोडक्यात, पन्नास ब्लॉगांच्या पॅकेजने बहुतेक वेळा काहीच होत नाही. पैसे गेले, एक्सेल शीटमध्ये पन्नास पत्ते आले, नंबर जिथल्या तिथे. मुद्दाम आणि मोठ्या प्रमाणावर चाललेला उद्योग असेल तर मात्र माणसाच्या हातून कारवाई होते आणि तसा संदेश वेबसाइट मालकांसाठी असलेल्या गुगलच्या 'सर्च कन्सोल'मध्ये येतो.

'फुकट आहे, कायम राहील' या समजाला तर भारतातलाच दाखला आहे. जानेवारी २०१२ पासून गुगल इथल्या वाचकांना ब्लॉगस्पॉट डॉट कॉमवरून ब्लॉगस्पॉट डॉट इनवर वळवू लागलं. साहजिकच लोकांनी तेच पत्ते कॉपी करून फेसबुकवर, मेलमध्ये, इतर ब्लॉगांवर लावले. पुढे २०२० मध्ये ब्लॉगस्पॉट डॉट इन हे डोमेन गुगलच्या हातून सुटलं, तिसऱ्यानेच ते नोंदवलं आणि विक्रीला काढलं. मूळ ब्लॉग डॉट कॉमवर शाबूत होते, पण डॉट इनच्या पत्त्याने दिलेल्या लक्षावधी लिंक एका फटक्यात मेल्या. त्यांत हौसेने लिहिणाऱ्या मराठी ब्लॉगरांच्या लिंकही होत्या. त्याआधी अशाच फुकट सेवांपैकी जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं, पोस्टरस एप्रिल २०१३ मध्ये.

यावरून फुकट ब्लॉगच वाईट, असं मात्र कुणी समजू नये. ब्लॉगस्पॉटने मराठीत फार मोठं काम केलं आहे. युनिकोड टायपिंग हाताशी आल्यावर पुण्या-मुंबईपासून परदेशातल्या मराठी घरांपर्यंत लोकांनी प्रवास, पाककृती, किल्ले, आठवणी तिथेच लिहिल्या. अजिंठ्याच्या चित्रांवर कुणी मन लावून लिहिलं, चार अभ्यासकांनी ते वाचलं आणि आपल्या पानावर त्याचा उल्लेख केला, तर तो फुकटचा ब्लॉगही वजनदार होतो. फरक पत्त्याचा नाही, वाचकाचा आहे.

शहरातल्या दुकानदाराला तर मुळात या लिंकच्या शर्यतीची गरजच कमी. 'जवळचा दंतवैद्य' किंवा 'क्रांती चौक हॉटेल' असं शोधलं की वर नकाशा येतो. तिथला क्रम शोधाशी किती जुळतं, किती जवळ आहे आणि किती नावाजलेलं आहे, या तीन गोष्टींवर ठरतो, असं गुगल सांगतं. तिथे दुकानाची नोंद, बरोबर वेळा, खरे फोटो, गिऱ्हाइकांची मतं कामाला येतात. वाळूज-चिकलठाण्याच्या लघुउद्योजकाला 'मसिआ' या लघुउद्योजकांच्या संघटनेच्या सभासद यादीतला उल्लेख किंवा प्रदर्शनाच्या संकेतस्थळावरचं नाव शंभर ब्लॉगांपेक्षा उपयोगाचं, कारण यंत्रभागांचा खरेदीदार तिथे खरोखर बघतो.

याच शहराला आणखी एक खास अडचण आहे आणि पॅकेजवाले तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या मंजुरीनंतर शहराचं नाव औरंगाबादवरून छत्रपती संभाजीनगर झालं, सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचंही. इंटरनेटवर मात्र दोन्ही नावं नांदताहेत, शिवाय बिहारमध्येही एक औरंगाबाद आहेच. परदेशी पर्यटक जुनं नाव टाकतो, मुंबईचा मराठी माणूस नवं. ट्रॅव्हल्सवाल्याने स्वतःच्या पानावर दोन्ही नावं सरळ वाक्यात लिहिली आणि जुन्या नोंदींमधले पत्ते दुरुस्त केले, तर त्या दुपारभराच्या कामाला पैसे लागत नाहीत.

ज्यांनी आधीच पॅकेज घेतलंय त्यांनी सर्च कन्सोल उघडून कारवाईचा संदेश आहे का, तेवढं पाहावं. नसेल तर नको असलेल्या लिंक नाकारण्यासाठी ऑक्टोबर २०१२ पासून असलेल्या गुगलच्या 'डिसअव्हाउ' साधनाच्या वाटेला जाऊ नये. चुकीच्या यादीने चांगल्या लिंकही नाकारल्या जातात. संदेश असेल तर आधी ते ब्लॉग काढून टाकायला लागतात. अडचण एवढीच, की त्या ब्लॉगांचे पासवर्ड बहुधा पॅकेज विकणाऱ्याकडे असतात आणि त्याचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर तोवर बदललेला असतो.