जसे पोट तसे मन

आपल्या भाषेने पोट आणि मन यांची फारकत कधी केलीच नाही. भीतीने पोटात गोळा उठतो, दुसऱ्याचे भले झाले की पोटात दुखते, आणि आई लेकराचे अपराध पोटात घालते. कन्नडमध्येही मत्सराला 'होट्टेकिच्चु', म्हणजे पोटातली आग म्हणतात. या बोलण्यामागे काही शास्त्र आहे काय, हे मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असूनही येथे मांडणार आहे. त्याला कारण आमचे वसतिगृह. परीक्षेच्या महिन्यात आम्ही चहा, टोस्ट आणि वडापाव यांवर दिवस काढतो. मग कुणाला जुलाब, कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला झोप नाही. गेल्या वर्षी माझ्या खोलीतील सोबत्याने अकाउंट्सचा पेपर अर्धा टाकून बाहेर धाव घेतली आणि पुढे आठवडाभर तो कुणाशी धड बोलला नाही. पोटामुळे मन बिघडले की मनामुळे पोट, यावर आमच्यात बराच वाद झाला. शास्त्राचे उत्तर असे की, रस्ता दुहेरी आहे.

आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक मज्जापेशी असतात. तेथून मेंदूपर्यंत व्हेगस नावाची नस जाते. तिच्यातील शंभरांपैकी सुमारे ऐंशी तंतू खालची खबर वर नेतात. हुकूम खाली आणणारे तंतू थोडेच. मनःस्थितीशी संबंध असलेले सेरोटोनिन हे द्रव्यही सुमारे ९० टक्के आतड्यातच तयार होते. मात्र ते तेथून थेट मेंदूत पोचत नाही, म्हणून 'अमुक खा आणि आनंदी व्हा' इतका हा हिशेब सोपा नाही.

या हिशेबातील मोठे भागीदार म्हणजे आतड्यातील जंतू. त्यांचे काम समजून घेण्यास इंदूरचे एक उदाहरण फार उपयोगी पडते. मोठ्या सुटीत मी तेथे मावशीकडे होतो. सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफ्यात गराडू आणि भुट्ट्याचा कीस, असा पाहुणचार झाला. पण पोटाच्या विषयाशी इंदूरचा याहून वेगळा संबंध आहे. आज जेथे शेतकी कॉलेज आहे, तेथे १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती-संशोधन संस्था उभारली. पालापाचोळा, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग तीनदा खालीवर करून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची त्यांची रीत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. या पद्धतीचे मर्म असे की, खत माणूस करीत नाही, जंतू करतात. माणसाने त्यांना मिश्र खाद्य, ओल आणि हवा पुरवायची.

आपल्या मोठ्या आतड्यातही असाच ढीग कुजत असतो. फरक एवढाच की तेथील बहुतेक जंतूंना हवा चालत नाही. आपल्याला न पचलेला चोथा, म्हणजे भाकरीतील कोंडा, भाज्यांच्या शिरा, कडधान्यांची साले, हे त्यांचे खाद्य. ते आंबवून जंतू काही सौम्य आम्ले तयार करतात. त्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते आणि दाह आटोक्यात राहतो. मैदा आणि साखर वरच्यावरच पचून जातात. खाली जंतू उपाशी राहतात.

हॉवर्ड यांनी १९४० च्या आपल्या ग्रंथात रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या कामाचा गौरव केला आहे. मॅककॅरिसन यांनी निलगिरीतील कुन्नूर येथे उंदरांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचा आहार दिला. त्यात मराठी आहाराचे उंदीर कानडी आहाराच्या उंदरांपेक्षा वजनाने पुढे गेले. पण मराठी विभागाच्या वाचकांनी हुरळून जाऊ नये, पहिला नंबर शिखांच्या आहाराचा होता. सबंध गव्हाची चपाती, दूध, लोणी, डाळ आणि भाज्या हे त्याचे रहस्य. दुसऱ्या एका प्रयोगात त्यांनी उंदरांना गरीब इंग्रज कुटुंबाचा आहार दिला : पांढरा पाव, मार्गारीन, गोड चहा, डब्यातले मांस. हे उंदीर खुरटे तर राहिलेच, शिवाय चिडखोर झाले, नोकरांना चावू लागले आणि शेवटी आपल्यातील दुबळ्यांना मारून खाऊ लागले. यात जीवनसत्त्वांचा अभाव हे मोठे कारण असणार; पण आहाराचा स्वभावावर परिणाम होतो, हे त्यातून दिसले.

जंतूंचा हात त्यानंतर बऱ्याच काळाने उघड झाला. २००४ साली जपानी संशोधकांनी दाखवले की, जन्मापासून जंतुरहित ठेवलेल्या उंदरांचे शरीर ताण आला असता प्रमाणाबाहेर प्रतिसाद देते, आणि एक विशिष्ट जंतू पोटात सोडला की ते ताळ्यावर येतात. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील ६७ उदासीनग्रस्त माणसांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. बारा आठवडे आहार सुधारलेल्यांपैकी ३२ टक्के लोक आजारातून बाहेर आले. ज्यांना केवळ सोबत व गप्पा मिळाल्या, त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के होते. प्रयोग लहान होता आणि बहुतेकांचे उपचारही चालू होते. म्हणून औषध टाकून ताक पिण्याचा सल्ला मी कुणास देणार नाही. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांकडेच गेले पाहिजे.

मात्र आपल्या सीमाभागाला या कामी बाहेरून काही आणावयाचे नाही. ज्वारीची भाकरी म्हणा की रोट्टी, ताक म्हणा की मज्जिगे, जंतूंना भाषेचा वाद ठाऊक नाही. मोड आलेली मटकी, अंबील, पालेभाजी आणि वेळेवर जेवण, एवढ्यावर त्यांचे भागते. वडापाव अगदीच सोडावा असे नाही. पण तो जेवणाच्या जागी येऊ नये. अभ्यासाचे वेळापत्रक आपण भिंतीवर लावतो. त्यात जेवणाच्या दोन वेळाही लिहाव्यात आणि आपल्याबरोबर खोलीतल्या सोबत्यालाही उठवून न्यावे. नाहीतर ताळेबंद पाठ असूनही पेपरात आपलाच तोल जावयाचा!